करंजीचे सारण, कापलेले बोट आणि फ्रीजर

गेल्या आठवड्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्या नोकरी करतात. दिवाळीच्या तोंडावर रजा मिळत नाही, म्हणून करंज्या आणि सामोसे आठ-दहा दिवस आधी करून फ्रीजरमध्ये ठेवावेत असा त्यांचा विचार आहे. सासूबाईंना तो पसंत नाही. 'शिळे ते शिळेच, बर्फात ठेवले म्हणून ताजे होत नाही,' असे त्यांचे म्हणणे. डॉक्टर या नात्याने मी निवाडा द्यावा, अशी अपेक्षा दिसते. सासू-सुनेच्या वादात पडू नये हे मी व्यवसायाच्या पहिल्याच वर्षी शिकलो. तरीही लिहितो, कारण दोघींचेही थोडे थोडे बरोबर आहे. आणि करंजीने मला एकदा चांगलाच धडा दिला आहे.

गोष्ट २०१९ सालच्या गौरीपूजनाची. दुपारी चारच्या सुमारास शेजारच्या घरातून बोलावणे आले. जेवण होऊन तीन तासही झाले नव्हते, तोच घरातल्या पाच जणांना उलट्या सुरू झाल्या होत्या. पोटात कळा, अंगाला दरदरून घाम, पण ताप कोणालाच नाही. त्यांच्यात सत्तरी ओलांडलेल्या आजी होत्या. त्यांची जीभ कोरडी पडली होती, नाडी क्षीण लागत होती. त्यांना रात्रभर सलाईन लावावे लागले. बाकीचे जलसंजीवनीवर सावरले.

चौकशी केली तेव्हा कळले, की ओल्या नारळाची करंजी न खाल्लेले दोघे तेवढे ठणठणीत होते. काकू म्हणाल्या, "अहो डॉक्टर, करंज्या आज सकाळीच तळल्यात. त्या शिळ्या कशा असतील?" करंज्या ताज्या होत्या हे खरे, पण सारण आदल्या दुपारचे होते. फ्रीज सणाच्या सामानाने भरलेला, म्हणून पातेले रात्रभर ओट्यावर राहिले. शिवाय गार झाल्यावर सारण हाताने मोकळे केले होते. तो हात मी पाहिला आणि ओशाळलो. बोटाला पट्टी होती. दोन दिवसांपूर्वी विळीवर कापलेल्या त्या बोटाला पट्टी मीच बांधली होती. 'पाणी लागू देऊ नका,' एवढे सांगितले होते. 'बरे होईपर्यंत कणीक-सारणात हात घालू नका,' हे सांगायचे राहून गेले होते.

तपासायला करंजी उरली नव्हती, त्यामुळे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण लक्षणे स्टॅफिलोकोकस या जंतूच्या विषबाधेची होती. हा जंतू पिकलेल्या जखमेत असतो, निरोगी माणसाच्या नाकातही असतो. ओलसर सारणात, उबदार हवेत तो रात्रभरात भरपूर वाढतो आणि विष सोडतो. कढईतले तेल १७० ते १८० अंशांवर असले तरी करंजीच्या पोटातल्या ओल्या सारणाचे तापमान साधारण १०० अंशांपुढे जात नाही. तेवढ्याने जंतू मरतात, पण त्यांनी आधीच सोडलेले विष अर्धा तास उकळले तरी नष्ट होत नाही. चव बदलत नाही, वासही येत नाही.

आता फ्रीजरकडे येऊ. फ्रीजर जंतूंना मारत नाही, त्यांची वाढ थांबवतो. आत जाताना पदार्थ जसा असेल तसाच बाहेर येतो. म्हणून सासूबाईंचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे. पण स्वच्छ हातांनी केलेला पदार्थ वेळेवर गोठवला, तर तो ओट्यावर रात्र काढलेल्या 'ताज्या' पदार्थापेक्षा कितीतरी सुरक्षित.

सामोसे पूर्ण तळून गोठवण्यापेक्षा कच्चे किंवा अर्धवट तळून गोठवावेत. भाजी खोल पातेल्यात ठेवली तर मधोमध तासन्‌तास कोमट राहते. ती परातीत पसरून गार करावी. बटाटा नीट कुस्करून भाजी कोरडी परतावी, कारण बटाट्याच्या फोडी गोठल्या की नंतर पाणी सोडतात. मटार मात्र चांगले टिकतात. भाजी शिजल्यापासून दोन तासांच्या आत सामोसे फ्रीजरमध्ये गेले पाहिजेत. आधी ताटात सुटे सुटे ठेवून कडक होऊ द्यावेत, मग पिशवीत हवा काढून भरावेत आणि वर तारीख लिहावी. ओल्या नारळाच्या करंज्यांनाही हाच नियम. तळताना त्या बाहेर काढून मऊ होऊ देऊ नयेत. वरचा बर्फ झटकून, थोड्या थोड्या, कढईच्या कडेने सोडाव्यात आणि मध्यम आचेवर आतपर्यंत गरम होतील अशा तळाव्यात. बर्फाचा खडा गरम तेलात पडला की तेल उडते, आणि दिवाळीत भाजलेले हात मी दरवर्षी पाहतो. सगळे फटाक्यांनी भाजलेले नसतात.

खरा फ्रीजर उणे १८ अंशांचा असतो. त्यात हे पदार्थ दोन-तीन महिने चांगले राहतात. आपल्याकडच्या एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तेवढा थंड असेलच असे नाही. त्यावर मी आठ-दहा दिवसांपलीकडे भरवसा ठेवणार नाही. वीज फार वेळ जात असेल तर एक सोपी युक्ती आहे. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर नाणे ठेवावे. गावाहून परतल्यावर नाणे तळाशी दिसले, तर तुमच्यामागे बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे. मग करंज्यांचा मोह सोडावा.

सुक्या खोबऱ्याच्या, रवा-पिठीसाखरेच्या करंज्यांना मात्र फ्रीजर कशाला? त्यांच्यात पाणी इतके कमी असते, की जंतूंना वाढता येत नाही. पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा-वीस दिवस सहज टिकतात. गरम असताना झाकण लावले तर वाफेचे पाणी होते आणि बुरशी धरते. त्या बिघडतात त्या खवटपणाने, म्हणजे हवेने आणि उजेडाने तेल खराब होऊन. जुन्या तेलात तळलेल्या लवकर खवट होतात. तळणीच्या तेलातील बिघडलेल्या घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले तर ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशात लागू आहे. घरात मोजायला यंत्र नसते. काळपट, चिकट, फेसाळणारे किंवा लवकर धूर सोडणारे तेल टाकून द्यावे, एवढे पुरे.

इतके करूनही कोणाला उलट्या झाल्याच, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहावे. लहान मूल, म्हातारे माणूस किंवा गरोदर बाई असेल, लघवी कमी झाली, ग्लानी आली किंवा उलटीतून रक्त पडले, तर घरी वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा. आणि येताना उरलेली एक करंजी डब्यात घालून बरोबर आणावी.