हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

सोलापूर-मुंबई हवाई अंतर (पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत कमी अंतर) सुमारे ३६० किलोमीटर. जेट विमान ताशी ८०० किलोमीटरने उडते, म्हणजे अर्ध्या तासात मुंबई, असा हिशेब अनेकजण करतात. वेळापत्रकात मात्र तास-सव्वा तास दिसतो.

तो असतो ब्लॉक टाइम (विमान जागेवरून हलल्यापासून उतरून जागेवर थांबेपर्यंतचा वेळ). मैंदर्गी-अक्कलकोट एसटीचा वेळ जसा नुसत्या किलोमीटरवरून ठरत नाही, स्टँडमधून निघणे आणि थांबेही धरावे लागतात, तसेच हे. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, वेग कमी करत उतरणे आणि मुंबईच्या गर्दीत उतरण्याची पाळी येणे, हे सारे त्यात मोजतात.

मैंदर्गीकरांनी त्याशिवाय सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळ गाठण्याचा आणि तपासणीचा वेळही धरावा.