प्रोस्टेटचा कर्करोग आणि क्रोमॅटिनची घडी

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या एकेका पेशीत सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए असतो आणि तो मावतो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात. ही किमया हिस्टोन प्रथिनांची. आठ हिस्टोनांचे एक रीळ, त्यावर १४७ बेसजोड्यांचा दीडाहून थोडा अधिक वेढा. अशा असंख्य रिळांचे मिळून क्रोमॅटिन बनते. घडी घट्ट बसली की जनुक मुके होते, सैल झाली की बोलू लागते. कर्करोगात जनुकांची अक्षरे बिघडतात हे खरेच, पण अक्षर शाबूत असलेली जनुकेही भलत्या वेळी उघडतात किंवा मिटतात. प्रोस्टेटच्या बाबतीत ही बाजू फार मोलाची आहे.

हा कर्करोग पुरुषी संप्रेरकांवर पोसतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. संप्रेरक चिकटले की त्याला धरणारे प्रथिन, म्हणजे अँड्रोजेन ग्राही, केंद्रकात जाऊन डीएनएवर बसतो. मात्र मिटलेल्या घडीत त्याचा सहसा शिरकाव होत नाही. त्याच्याआधी फॉक्सए१ हे प्रथिन पोहोचते आणि जागा मोकळी करते. एलएसडी१ हिस्टोनवरच्या बंदीच्या खुणा पुसते, तर बीआरडी४ अॅसिटिलच्या खुणा वाचून जनुकवाचनाची यंत्रणा तिथे आणते. रक्ततपासणीत मोजल्या जाणाऱ्या पीएसएचे जनुकही याच वाटेने चालू होते. संप्रेरक रोखणारे उपचार सुरू असताना अहवालातला तो आकडा पुन्हा चढू लागला, तर बहुधा ही यंत्रणा नव्याने जागी झालेली असते.

सर्वांत चकवणारे प्रथिन म्हणजे ईझेडएच२. ते एच३ हिस्टोनच्या २७व्या लायसिनवर तीन मिथाइल गट चढवते आणि जनुक गप्प करते. शरीरात इतरत्र पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगात ते फार वाढलेले असते, हे मिशिगन विद्यापीठातील अरुल चिन्नैयन यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले. वाढ रोखणारी जनुके ते मिटवत असणार, असा सरळ अर्थ तेव्हा निघाला. २०१२ मध्ये चित्र पालटले: संप्रेरक तोडूनही वाढणाऱ्या कर्करोगात हेच ईझेडएच२ अँड्रोजेन ग्राहीला साथ देऊन जनुके चालूही करते. एकच प्रथिन कुलूपही घालते आणि उघडतेही. म्हणून केवळ त्याची मिथाइल चढवण्याची क्रिया थांबवणे पुरेसे ठरेलच, असे धरून चालता येत नाही.

औषधांचा शोध या सगळ्या प्रथिनांच्या मागे आहे. बीआरडी४ला रोखणाऱ्या रेणूंनी उंदरांतील गाठी आटोक्यात आल्या. पण एसपीओपी जनुकात बदल झालेल्या पेशींत बीआरडी४चा निचराच होत नाही, त्यामुळे त्या पेशी औषधाला दाद देत नाहीत. ईझेडएच२रोधकांच्या चाचण्या एन्झाल्युटामाइड या अँड्रोजेन ग्राही रोखणाऱ्या औषधाच्या जोडीने होत आहेत. त्यांची खरी कसोटी तिथे आहे, जिथे आरबी१ आणि टीपी५३ ही वाढीला लगाम घालणारी जनुके गमावलेल्या पेशी ग्रंथीची ओळखच टाकून मज्जापेशींसारख्या वागू लागतात. अशा रुग्णात आजार पसरत असूनही पीएसए कमीच राहू शकतो. उंदरांवरील प्रयोगात ईझेडएच२ रोखल्यावर अशा पेशींत अँड्रोजेन ग्राही परत दिसू लागला आणि एन्झाल्युटामाइड त्यांच्यावर पुन्हा चालू लागले.