डेकवरचा हाताचा आधार

कर्जत किंवा खोपोलीहून लोकलने मुंबई गाठणाऱ्या प्रवाशाला हाताच्या आधाराचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. गाडी रूळ बदलताना डबा हिंदकळतो आणि हात आपोआप दारातल्या दांड्याकडे किंवा डोक्यावरच्या कडीकडे जातो. तो दांडा तेथे आहे आणि आपला भार पेलणार आहे, हे प्रवाशाने गृहीतच धरलेले असते. शिडाच्या नौकेच्या डेकवर असे काहीच गृहीत धरता येत नाही. तेथे पायाखालची फळी कललेली, ओली आणि सतत हलती असते. म्हणूनच नौकेच्या पुढच्या काचेपाशी, म्हणजे विंडस्क्रीनला, धरण्यासाठी हॅण्डल बसवणे हे वरवर किरकोळ वाटणारे काम नाविकाच्या जिवाशी निगडित आहे.

धोक्याची जागा

लांब पल्ल्याच्या शिडाच्या नौकेत सुकाणू धरणारा माणूस मागच्या बाजूच्या खोलगट जागेत, कॉकपिटमध्ये बसतो. समोरून येणारे लाटांचे तुषार आणि वारा अडवण्यासाठी अनेक नौकांवर कॉकपिटपुढे काचेचा किंवा ऍक्रिलिकचा पडदा असतो. शीड आवरायचे असेल किंवा अडकलेला दोर सोडवायचा असेल, तर नाविकाला या सुरक्षित खोलगटातून उठून, काचेला वळसा घालून, बाजूच्या अरुंद डेकवरून डोलकाठीकडे जावे लागते. खोलगटातून वर पाय टाकण्याचा क्षण सर्वांत नाजूक असतो. एक पाय उचललेला, शरीराचा तोल उंचावलेला आणि नौका एका अंगावर कललेली! अशा वेळी हात सहजच समोरच्या काचेची चौकट पकडतो. पण ती चौकट पाणी अडवण्यासाठी बनवलेली असते. झोक्यासरशी आदळणाऱ्या माणसाचे वजन पेलण्यासाठी नव्हे.

डेकच्या कडेने तारेचे कठडे असतात, मग वेगळ्या हॅण्डलची गरज काय, असा प्रश्न पडू शकतो. खुल्या समुद्रातील शर्यतींच्या नियमांनुसार मोठ्या नौकांवरील या कठड्याची किमान उंची ६०० मिलिमीटर असते. म्हणजे उभ्या माणसाच्या तो जेमतेम मांडीपर्यंत येतो. तोल गेलेला माणूस त्याला अडखळून उलट बाहेरच फेकला जाण्याची शक्यता असते. कठडा हा शेवटचा अडसर आहे. खरा आधार हवा तो नौकेच्या मध्याकडे, हाताच्या उंचीवर आणि तोल जाण्यापूर्वी गवसणारा.

माणूस पाण्यात पडल्यावर काय होते, याचा हिशेब सोपा आहे. ताशी ६ सागरी मैल हा शिडाच्या नौकेचा साधारण वेग. या वेगाने ती एका मिनिटात सुमारे १८५ मीटर पुढे जाते. उसळत्या समुद्रात तेवढ्या अंतरावरून माणसाचे डोके दिसणेही कठीण असते. शिडे आवरून नौका मागे वळवायला लागणारा वेळ तर निराळाच. फ्रान्सचे विख्यात दर्यावर्दी एरिक तबार्ली यांनी अटलांटिक महासागर अनेकदा ओलांडला होता. तरी जून १९९८ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर, रात्रीच्या वेळी ते आपल्याच नौकेवरून समुद्रात पडले आणि बुडाले. अनुभव तोल सावरू शकतो. पण धरायला काही नसेल, तर तोही उपयोगी पडत नाही.

गोव्यात बांधलेल्या नौका

महाराष्ट्र आणि गोव्याला हा विषय परका नाही. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ऍक्वेरियस या कारखान्यात 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका तयार झाली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यावर मुंबईहून एकटेच निघाले. चार बंदरांत थांबे घेत, पृथ्वीला वळसा घालून मे २०१० मध्ये ते परतले. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच नौकेवर कोठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली. 'तारिणी' ही तिची भगिनी नौकाही येथेच बांधली गेली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. व रूपा ए. या दोघींनी तिच्यावरून जगप्रदक्षिणा केली.

एकट्याच्या सफरीत डेकवरच्या पकडीचा प्रश्न अधिक तीव्र होतो. नाविक पाण्यात पडला, तरी स्वयंचलित सुकाणूवर चाललेली नौका आपल्या वाटेने निघून जाते. तिला मागे वळवायला कोणीच नसते. त्यामुळे कमरेचा पट्टा डेकवर ताणलेल्या दोराला अडकवून ठेवणे आणि प्रत्येक पावलाला हात धरायला पक्की जागा असणे, या दोन्ही गोष्टी एकमेकींना पूरक ठरतात. पट्टा माणसाला नौकेपासून दूर जाऊ देत नाही. हॅण्डल त्याला मुळात पडूच देत नाही.

हॅण्डल बसवायचे कसे?

पहिला नियम असा, की भार काचेवर येता कामा नये. कडक केलेल्या, अर्थात टफन्ड काचेला नंतर भोक पाडताच येत नाही. तिचा चुरा होतो. ऍक्रिलिकला भोक पाडता येते, परंतु ते बोल्टपेक्षा थोडे मोठे ठेवावे लागते, कारण उन्हात ते प्रसरण पावते. जागा न ठेवल्यास भोकापासून तडे सुरू होतात. काही सीलंटमधील रसायनांमुळेही ऍक्रिलिकला बारीक भेगा पडतात. म्हणून हॅण्डलचे पाय शक्यतो डेकवर किंवा काचेखालच्या भक्कम चौथऱ्यावर रोवावेत आणि काचेने केवळ पाणी अडवावे, हे उत्तम.

दांड्यासाठी खाऱ्या पाण्याला टिकणाऱ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची, साधारण २५ मिलिमीटर जाडीची नळी वापरतात. फार जाड नळी लहान हाताच्या मुठीत नीट मावत नाही. मागे जाडजूड हातमोज्यासह बोटे शिरतील एवढी मोकळी जागा हवी. नळी वाकवणे आणि आर्गॉन वेल्डिंग ही कामे फॅब्रिकेशनच्या दुकानात होऊ शकतात. मात्र जोड गुळगुळीत आणि स्वच्छ हवा, कारण गंजाची सुरुवात तेथूनच होते.

स्क्रूवर विसंबणे धोक्याचे ठरते. डेकच्या आरपार जाणारे बोल्ट आणि आतून रुंद धातूची पट्टी हवी, म्हणजे भार मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो. फायबरग्लासच्या अनेक डेकमध्ये मधला थर बाल्सा लाकडाचा किंवा फोमचा असतो. अशा ठिकाणी आधी मोठे भोक पाडून ते इपॉक्सीने भरतात आणि वाळल्यावर त्यातून बोल्टचे भोक पाडतात. नाहीतर पाणी आत मुरते आणि डेक कुजते. चौकट ऍल्युमिनियमची असल्यास तिच्यात आणि स्टीलमध्ये नायलॉनची चकती घालावी लागते. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू भिडले, की ऍल्युमिनियम झिजू लागते आणि पांढरी भुकटी दिसू लागते.

तिसरा आधार

कर्जतजवळच्या ढाक बहिरीच्या कातळावर चढणारे गिर्यारोहक एक नियम पाळतात. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी कातळावर असावेत आणि एकच हलवावा. डेकवर चालण्याचा नियमही जवळपास हाच आहे. एक हात नौकेच्या कामासाठी आणि एक स्वतःसाठी, असे नाविक म्हणतात. पण स्वतःसाठीच्या या हाताला धरायला काही असेल, तरच तो नियम पाळता येतो. म्हणून नवे हॅण्डल बसवल्यावर नौका बंदरात बांधलेली असतानाच त्यावर पूर्ण वजन टाकून पाहावे, बोल्टभोवतीचे डेक दबते का ते तपासावे आणि प्रत्येक मोसमाच्या आरंभी ही तपासणी पुन्हा करावी. जो दांडा धक्क्यावर उभ्या नौकेत हलतो, त्याच्या भरवशावर अंधाऱ्या रात्री डेकवर कोणाला पाठवू नये.