भिंत पडते, माणूस उभाच

वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत विनोदवीर बस्टर कीटनच्या अंगावर कोसळते. पोटमाळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून उतरते आणि धुरळ्यात हा उभाच! 'स्टीमबोट बिल ज्युनियर' या १९२८च्या मूकपटातला हा प्रसंग. यात कॅमेऱ्याची हातचलाखी नाही. भिंत खरी, वजन सुमारे दोन टन सांगतात.

आता सांगा, ती खिडकी किती उंच हवी? माणसाएवढी? मुळीच नाही! भिंत खाली बिजागरीवर असते, पेटीचं झाकण मिटावं तशी पडते. समजा, कीटन भिंतीपासून चार मीटरवर आहे आणि त्याची उंची १६५ सेंटीमीटर. मग बिजागरीपासून त्याचं डोकं किती लांब? शाळेतला पायथागोरस आठवा: जेमतेम चार मीटर तेहेतीस सेंटीमीटर. म्हणजे टाचेपासून टाळूपर्यंतचा अख्खा माणूस भिंतीच्या तेहेतीस सेंटीमीटरच्या पट्ट्यातून आरपार! वर अंगाची जाडी आणि चार बोटं मोकळीक धरा, झालं.

हे कागदावर. प्रत्यक्षात विमानाच्या इंजिनांवर चालणारे पंखे वारा ओकत होते. हलकी भिंत त्यात वाकली, पिळवटली असती आणि खिडकीची जागा चुकली असती. थोडक्यात, जीव वाचवायचा तर भिंत जीवघेणी जडच हवी!

१९९७मध्ये लंडनच्या स्टीव्ह मॅक्वीनने ('ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह'वाला तोच) एवढाच प्रसंग उचलून 'डेडपॅन' केलं. १६ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म, मग व्हिडिओवर उतरवलेली. आवाज नाही, वादळ नाही, गोष्टही नाही. बिनलेसचे बूट घालून मॅक्वीन स्वतः उभा. भिंत पडते. मग दुसऱ्या कोनातून पडते. परत पडते. कलादालनात हे सगळं जमिनीपासून छतापर्यंत भिंतभर दिसतं, त्यामुळे ती आपल्याही अंगावर येते.

आणि हसू? ते कुठे जातं? कीटन वाचतो, आपण सुटकेने हसतो. इथे सुटका होते न होते तोच भिंत पुन्हा उभी. एका कृष्णवर्णीय माणसावर घर कोसळत राहतं आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, हे पाहताना मला तरी हसणं जमणार नाही.

पण भिंत पुन्हा पुन्हा पाडायची खोड मुळात कीटनचीच! १९१९मध्ये 'बॅक स्टेज'मधली नाटकाच्या नेपथ्यातली भिंत, १९२०मध्ये 'वन वीक'मधली घराची भिंत, मग ही दोन टनांची. मॅक्वीनने फक्त मधली वर्षं काढून टाकली.