खड्ड्यापासून टाकीपर्यंत : इंदूरच्या ओल्या कचऱ्याची कथा

सकाळी चहाचे आधण चढते न चढते तोच गल्लीच्या तोंडाशी गाण्याचा आवाज येतो आणि घराघरांतून बादल्यांची लगबग सुरू होते. एके काळी या वेळी भूपाळी कानी पडे. इंदूरकरांना आता कचरागाडीचे गाणे जागे करते. गाडीला निरनिराळे कप्पे असतात. भाजीची देठे, सालपटे, चहाचा चोथा, उरलेसुरले अन्न एका कप्प्यात आणि कागद, काच, प्लास्टिक दुसऱ्यात. बादली रिकामी झाली की गाडी पुढे सरकते आणि आपण चहाकडे वळतो. त्या बादलीतल्या ऐवजाचे पुढे काय होते, हे विचारण्याची सवड फारशी कुणाला नसते. आज ती थोडी काढू या. कारण या गोष्टीत धंदा आहे, शास्त्र आहे आणि आपल्या गावचा शंभर वर्षांचा इतिहासही आहे.

देवगुराडियाची टाकी

नेमावर रस्त्याने देवगुराडियाकडे जाणाऱ्या भाविकांना पूर्वी महादेवाच्या दर्शनाआधी नाकाला रुमाल लावावा लागे. गावाचा कचरा वर्षानुवर्षे तिथे ओतला जात होता आणि त्याचे डोंगर झाले होते. हे डोंगर मधूनमधून पेट घेत आणि धूर वस्तीवर उतरत असे. २०१८ मध्ये नगरपालिकेने यंत्रे भाड्याने घेऊन हा दहा लाख टनांहून अधिक जुना कचरा चाळायला काढला. माती वेगळी, प्लास्टिक वेगळे, दगडविटा वेगळ्या, असे करीत सुमारे शंभर एकर जागा मोकळी झाली.

त्याच देवगुराडियाला १९ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते एका नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले. रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याची त्याची ताकद आहे. त्यातून दिवसाला सुमारे १७,००० किलो वायू आणि १०० टन खत मिळावे, असा आराखडा होता. वायू म्हणजे मोटारीत भरतात तो सीएनजी. फरक एवढाच की हा जमिनीच्या पोटातून उपसलेला नाही, आपल्या स्वयंपाकघरातून निघालेला आहे.

याची रीत समजायला अवघड नाही. कचरा प्रथम चाळून, दळून त्याचे पिठल्यासारखे सरबरीत मिश्रण करतात. ते हवाबंद टाक्यांत सोडले की हवेशिवाय जगणारे सूक्ष्म जंतू त्यावर ताव मारतात आणि जैववायू सोडतात. या वायूत निम्म्याहून थोडा अधिक मिथेन असतो. बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा. हे नको ते वायू काढून टाकले, की उरलेला मिथेन दाबाखाली भरून गाडीच्या इंजिनाला पाजता येतो. टाकीत मागे राहिलेल्या चोथ्याचे खत होते.

खेड्यातल्या गोबर गॅसच्या टाकीचेच हे मोठे भावंड. पण शेण आणि शिळे अन्न यांत एक भेद आहे. शेण म्हणजे जनावराने एकदा पचवून टाकलेला माल. त्यातले बरेचसे सत्त्व आधीच गेलेले असते. अन्न मात्र न पचलेले, सत्त्वाने भरलेले असते, म्हणून ते लवकर आंबते आणि वजनाच्या मानाने कितीतरी अधिक वायू देते. हा भेद ओळखून मराठी शास्त्रज्ञांनी पूर्वीच काम केले आहे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घरच्या खरकट्यावर चालणारी आटोपशीर टाकी तयार केली आणि २००६ मध्ये तिला इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ ही योजना उभी केली. उपाहारगृहे, वसाहती आणि लहान नगरपालिका यांच्या आवाक्यातली ती होती. इंदूरने केले ते एवढेच, की ही गोष्ट सबंध शहराच्या मापाने केली.

हॉटेलवाल्याचा हिशेब

आता धंद्याकडे वळू. या कारखान्याचे दीडशे कोटींचे भांडवल खाजगी कंपनीने घातले. पालिकेने वेगळा केलेला ओला कचरा पुरवायचा आणि निघालेल्या वायूपैकी निदान अर्धा आपल्या शहर बससाठी विकत घ्यायचा. उरलेला कंपनीने बाजारात विकायचा, असा करार ठरला. परोपकाराच्या भरवशावर चाललेली कामे पहिला उत्साह ओसरला की आपोआप थंडावतात. इथे कचरा आला नाही तर कंपनीचे नुकसान आणि वायू आला नाही तर बसगाड्यांची पंचाईत! दोन्ही बाजूंना कामाची गरज आहे, म्हणून त्याला टिकण्याची आशा आहे.

पण खरा हिशेब आहे तो गावातल्या हजारो लहानमोठ्या व्यावसायिकांचा. इंदूर हे खवय्यांचे गाव. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी छप्पन दुकानची गर्दी, रात्री सोन्याचांदीची दुकाने मिटली की सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू. शिवाय मंगल कार्यालये, खानावळी, वसतिगृहे आणि चोइथराम मंडीतला भाजीपाला. या सगळ्यांच्या मागच्या दाराने जे बाहेर पडते त्याचा गाडाभर ढीग होतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना ‘मोठे कचराकर्ते’ ठरवले आणि आपल्या कचऱ्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. मंडीत तर आवारातच कचऱ्यापासून वायू करणारी टाकी बसली. सडकी फळे आणि भाजीचा पाला ज्या आवारात निघतो तिथेच त्याचा वायू होऊ लागला.

देवगुराडियाचे आकडे घेऊन साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडला तर १०० किलो ओल्या कचऱ्यापासून सुमारे तीन किलो वायू आणि अठरा किलो खत मिळते. एखाद्या कार्यालयात लग्नाच्या दिवशी पाच क्विंटल खरकटे निघाले, तर त्यातून पंधरा किलो वायू निघेल. ऐकायला हे बरे वाटते. पण त्याच पाच क्विंटलांत किती भात, किती श्रीखंड आणि किती गव्हाचे श्रम होते, याचाही हिशेब मांडायला हवा. वाया गेलेल्या अन्नाचा वायू करणे हा त्या अन्नाचा सदुपयोग नव्हे. ते नुकसान थोडे भरून काढणे आहे. ‘पुढे यंत्र आहेच, टाका खुशाल’ असे यजमान किंवा हॉटेलवाला म्हणू लागला, तर यंत्राने उपकाराऐवजी अपकारच केला म्हणायचा. पंगतीत आग्रह करकरून वाढण्याची आपली रीत आणि आजच्या बुफेतली ओसंडणारी ताटे, या दोन्हींना पहिला आळा घातला पाहिजे. टाकीचा क्रम त्यानंतरचा.

शंभर वर्षांपूर्वीचा खड्डा

आणि इथेच इंदूरचा जुना वारसा आठवतो. १९२४ मध्ये होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर वनस्पती-उद्योग संस्था सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड हे तिचे संचालक आणि यशवंत वाड हे त्यांचे सहकारी. माळव्यातल्या शेतकऱ्याजवळ रासायनिक खताला पैसा नव्हता आणि शेणाच्या बऱ्याचशा गोवऱ्या होऊन चुलीत जात. मग शेताला द्यायचे काय? या दोघांनी शेतावरच्या टाकाऊ मालाकडे पाहिले. कपाशीच्या कडक पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडल्या, तण आणि पालापाचोळा गुरांखाली अंथरला, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, थोडे शेण आणि राख मिसळली आणि हा सगळा माल उथळ खड्ड्यांत थराथराने रचला. ठरावीक दिवसांनी तीन वेळा तो वरखाली केला. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार झाले!

१९३१ मध्ये हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने या पद्धतीवर पुस्तक निघाले आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेले. आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत आणि आसामच्या चहाच्या बागांपर्यंत ती पोचली. १९३५ मध्ये इंदूरला आले असताना गांधीजी मुद्दाम ही संस्था पाहायला गेले होते. सेंद्रिय शेतीचा इतिहास लिहिणारा कुठल्याही देशाचा असो, त्याला इंदूरचे नाव घ्यावेच लागते. हॉवर्डच्या नावापुढे वाडांचे नाव मात्र पुष्कळदा गळून पडते. निदान मराठी वाचकाने तरी ते विसरू नये.

खड्डा आणि टाकी यांत फरक आहे तो हवेचा. हॉवर्ड-वाडांचा खड्डा श्वास घेणारा होता; वरखाली करण्याचे कारण हेच, की आतल्या जंतूंना हवा मिळावी. हवा मिळाली की ढीग तापतो, दुर्गंधी येत नाही आणि खत तयार होते. देवगुराडियाची टाकी हवाबंद आहे. तिथे मिथेन तयार होतो आणि तो धरून ठेवता येतो. या दोहोंच्या मध्ये पूर्वीचा उकिरडा. त्याच्या पोटात हवा जात नाही म्हणून मिथेन तर होतो, पण धरणारे कुणी नाही म्हणून तो आकाशात जातो. शंभर वर्षांच्या मापाने वजनास वजन धरले तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट पृथ्वी तापवतो. म्हणजे खड्डा चालेल आणि टाकीही चालेल. उकिरडा मात्र चालणार नाही.

हॉवर्डचे एक सूत्र मात्र टाकीलाही चुकवता येणार नाही. जमिनीतून घेतले ते जमिनीला परत दिले पाहिजे. वायू बसगाडीत जळून जाईल. खत मात्र माळव्याच्या शेतात गेले पाहिजे. त्यात काचेचा तुकडा किंवा प्लास्टिकची चिंधी सापडली तर शेतकरी ते दुसऱ्यांदा घेणार नाही आणि आपण त्याला दोष देऊ शकणार नाही.

आधी हात, मग यंत्र

म्हणजे पुन्हा गाडी आली ती आपल्या बादलीपाशी. लखनौला २००३ च्या सुमारास शहरी कचऱ्यावर चालणारा पाच मेगावॉट विजेचा कारखाना मोठ्या थाटाने उभा राहिला होता. शास्त्र हेच, टाक्याही याच जातीच्या. पण येणारा कचरा माती, दगड आणि प्लास्टिक यांनी भरलेला असे. थोड्याच काळात कारखाना बंद पडला. यंत्राचा त्यात काही अपराध नव्हता. जंतूंना जेवण म्हणून विटांचा चुरा वाढला तर ते तरी काय करणार?

इंदूरने क्रम उलटा लावला. आधी रस्त्यावरच्या कुंड्या उचलल्या, दारोदार गाड्या पाठवल्या, ओले-सुके वेगळे करण्याची सवय लावली. न ऐकणाऱ्यांना समजावले, प्रसंगी दंडही केला. २०१७ ते २०२३ अशी सलग सात सर्वेक्षणे स्वच्छतेत हे गाव देशात पहिले आले, शेवटच्या खेपेस सुरतेबरोबर विभागून. मोठी टाकी आली ती या सवयीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी. ज्या शहरांना आता असे कारखाने हवे आहेत, त्यांनी यंत्राची किंमत विचारण्याआधी हा क्रम पाहावा. सवय न लावता आणलेले यंत्र म्हणजे विहिरीला पाणी नसताना बसवलेला पंप.

आणि ही सवय रोज टिकवून धरणारे हात कुणाचे, हेही ध्यानात घ्यावे. गाडीवरची माणसे बादलीत डोकावतात, प्लास्टिकची पिशवी हाताने बाजूला काढतात, चुकले तर सांगतात. हॉटेलच्या मागच्या दाराशी खरकटे निवडणारा मुलगा आणि छाननी केंद्रात सुका कचरा वेगळा करणाऱ्या बायका, यांच्यावर तो दीडशे कोटींचा कारखाना उभा आहे. हातमोजे, वेळेवर पगार आणि आजारपणात औषध, एवढे तरी त्यांना मिळते की नाही, हा प्रश्न धंद्याच्या हिशेबाबाहेरचा मानता येणार नाही.

जुन्या इंदूरला हे कळले होते. १९१७ मध्ये शहरात प्लेगची भीती होती. तेव्हा पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार महाराज तुकोजीराव होळकर यांच्या दरबाराच्या निमंत्रणावरून इथे काम करीत होते. त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली. आणि जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्या रस्त्यांनीच ती जाईल, असे जाहीर केले. मग काय, घरोघर झाडलोट सुरू झाली! मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि त्यांच्यामागून पांढरेशुभ्र कपडे घालून, हातात नवे झाडू घेऊन, गळ्यात हार घातलेले शहराचे झाडूवाले सन्मानाने चालत होते. पुढच्या वर्षी गेडिस यांचा इंदूर शहराविषयीचा अहवाल दोन खंडांत छापला गेला. त्यातल्या किती सूचना अमलात आल्या तो विषय निराळा. ती मिरवणूक मात्र आठवणीत राहण्यासारखी होती.

त्यानंतर शंभरावर वर्षे लोटली. आज मिरवणूक निघत नाही, गाडी येते. उद्या सकाळी तिचे गाणे ऐकू आले की बादली नेऊन देण्याआधी एकदा आत पाहावे. श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा ओल्यात गेला नाही ना? गेला असेल तर आपण काढावा. गाडीवरच्या माणसाला त्यासाठी हात घालावा लागू नये.