पुस्तके बांधता बांधता घडलेला शास्त्रज्ञ

मायकेल फॅरेडे यांचा जन्म १७९१ साली लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी झाला. शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरते. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि बांधायला आलेली पुस्तकेच वाचू लागले.

१८१३ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाले. युरोपच्या प्रवासात साहेबांच्या पत्नीने त्यांना गड्यासारखे वागवले. फॅरेडेंनी अपमान गिळला, पण शिकणे सोडले नाही. १८३१ मध्ये त्यांनी तारेच्या वेटोळ्यात चुंबक हलवून वीज निर्माण केली.

पत्नी सारासोबत त्यांनी ४६ वर्षे सुखाचा संसार केला. मूलबाळ नव्हते, पत्नीच्या भाचीला त्यांनी लेकीची माया दिली. १८६७ मध्ये ते गेले.

आज बटण दाबताच आपल्या घरात दिवा लागतो, त्यामागे त्या कामकरी पोराचे वाचन आहे. मुलांना हे जरूर सांगा.