आधी सी की आधी पायथॉन?

प्रोग्रामिंग शिकायचं ठरवलेला माणूस बहुतेक वेळा याच प्रश्नापाशी अडतो. एक जण सांगतो, सी आल्याशिवाय पाया पक्का होत नाही. दुसरा म्हणतो, सी आता जुनी झाली. या घोळात अख्खी सुट्टी निघून जाते आणि एक ओळही लिहून होत नाही.

डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी घडवली ती युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिता यावी म्हणून, नवशिक्यांसाठी नव्हे. तिला जुनी म्हणून मोडीत काढणंही चूकच, कारण आपण रोज वापरतो तो पायथॉनचा इंटरप्रिटर सीमध्येच लिहिलेला आहे. माझं मत विचाराल तर पायथॉनने सुरुवात करा. कॉलेजच्या अभ्यासक्रमात सी असेल तर बिनदिक्कत सीने करा. अट, लूप आणि फंक्शन एकदा समजलं की दुसऱ्या भाषेत ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही.

‘गणित कच्चं आहे, जमणार नाही’ ही भीतीही अशीच. १९६४मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी बेसिक ही भाषा तयार केली, ती विज्ञान-गणिताबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून. सुरुवातीला बेरीज-वजाबाकी आणि ‘असं असेल तर तसं कर’ एवढा विचार पुरतो.

इंग्रजीच्या धास्तीने तर मराठी माध्यमातली किती हुशार मुलं मागे राहतात, आणि मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं. पायथॉनमध्ये भाषेचे स्वतःचे राखीव शब्द आहेत जेमतेम ३५. बाकीची नावं आपण ठेवायची, आणि पायथॉन ३मध्ये ती देवनागरीतही चालतात. दर, खाडे, रक्कम अशी नावं द्या, प्रोग्राम सुरळीत चालतो. कोडमधले आकडे इंग्रजी लागतात. पण वापरणाऱ्याने ‘२७’ असं देवनागरीत टाइप केलं, तरी इंट हे फंक्शन त्याचा बरोबर सत्तावीस करतं. पुढे माहिती वाचायला इंग्रजी लागेलच, पण ते कामाच्या ओघात येत जातं.

मे महिन्यात भाचीला मी दुधाचा हिशेब लिहायला बसवलं होतं. सकाळचं दूध २ लिटर, संध्याकाळचं १ लिटर. दोन्ही आकडे तिने टाइप केले, प्रोग्रामने त्यांची बेरीज केली आणि स्क्रीनवर उत्तर आलं: २१. ‘मामा, एवढं दूध कुठून आलं?’ कारण साधं होतं. इनपुटमधून आलेली गोष्ट पायथॉनला मजकूर म्हणूनच मिळते, आणि मजकुराची बेरीज म्हणजे दोन तुकडे शेजारी-शेजारी चिकटवणं. मग महिन्याच्या दिवसांतून खाडे वजा करायला गेली, तर लाल अक्षरांत एरर आली. मजकुरातून मजकूर वजा होत नाही. तिचा चेहरा पडला. मी तिला शेवटची ओळ आधी वाचायला लावली, कारण काय बिघडलं ते तिथे लिहिलेलं असतं. वरच्या ओळी ते कुठे बिघडलं ते दाखवतात.

एरर आली म्हणजे आपल्याला जमत नाही, हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो. वजाबाकीने निदान तोंडावर सांगितलं. बेरजेने मुकाट्याने २१ लिटर दूध दाखवलं. खरी भीती बाळगायची ती अशा गप्प बसणाऱ्या चुकीची.

‘आता एआय कोड लिहून देतं, मग शिकायचं कशाला?’ या प्रश्नाचं उत्तरही त्या २१ लिटरमध्येच आहे. एआयने दिलेला कोड एररशिवाय चालला म्हणून तो बरोबर ठरत नाही. घरात दूध तीन लिटर येतं हे आपल्याला माहीत असतं, आणि चूक कुठल्या ओळीत शिरली हे शोधायला ती ओळ वाचता यावी लागते. एरर समजावून घ्यायला एआयची जरूर मदत घ्या, पण पहिले काही महिने कोड स्वतःच्या बोटांनी लिहा. नुसते व्हिडिओ बघून हात बसत नाही.

भाचीने दोन्ही ठिकाणी इंट घातलं, उत्तर तीन आलं. सत्तावीस दिवसांचं, साठ रुपये दराने, ४,८६० रुपये बिल निघालं. ते तिने वहीत मांडून पडताळलं. मग स्वतःच म्हणाली, ‘पण पंधरा तारखेपासून दर वाढला तर?’ त्या दुपारी आम्ही इफ शिकायला घेतलं.